रिकाम्या डब्यातली रेषा

११ जानेवारी

घरी आले. जहाजावरून उतरून दोन दिवस झाले तरी जमीन हलते आहे. जिन्यात कठडा धरून उभी राहिले तर ताई वरून म्हणाली, "काय गं, पिऊन आलीस का?"

आवाज तिचा वाटला नाही. कागद फाडल्यासारखा. विचारलं तर म्हणाली, "शिकाऊ लोकांवर ओरडून घसा बसलाय. तू नव्हतीस तेवढ्यात एकाने गाडी बागेच्या कारंज्यात घातली. दुसरी चढावर हात सोडून देवाचं नाव घेत बसली." तिच्या मते गाडी शिकवणं म्हणजे दिवसभर परक्याच्या हाती जीव द्यायचा आणि वर त्यालाच शाबासकी द्यायची.

गळ्याभोवती मफलर. घरातसुद्धा.

जेवताना मी तिला समुद्राबद्दल सांगत होते. ताटं वाळली तरी सांगत होते. मध्येच ती म्हणाली, "मलाही एक सांगायचंय." मी म्हटलं, थांब, हे ऐक आधी. मग राहूनच गेलं. उद्या विचारीन.

१४ जानेवारी

बोगद्यात परत. मिठाची जुनी खाण, पाळण्यातून खाली जायचं, वर सगळा डोंगर. आकाशातून येणारे कण इतक्या खाली फारसे पोचत नाहीत. म्हणून इथे शांतता आहे, आणि म्हणूनच आमचं यंत्र इथे आहे, शिशाच्या विटांच्या घरात.

आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख बाईंनी विटा सरकवून डबी दाखवली. तीन वर्षांपूर्वी समुद्रतळाचा एक काळा दगड आम्ही विरघळवला होता. तो दगड इतका सावकाश वाढतो की काडेपेटीच्या काडीच्या जाडीएवढा थर बसायला दहा लाख वर्षं जातात. त्यातलं लोह काढून, त्याचे किरण मोजण्याइतके वाढेपर्यंत शिशात मुरत ठेवलं होतं. आता मुरलं असावं. मोजणीला महिना लागेल. मी जहाजावरून आणलेले दगड त्याच्या नंतर.

आम्हाला साधं लोह नको, लोह-साठ हवं. ते फार जड ताऱ्यांतच बनतं, आणि तारा फुटल्यावर बाहेर पडतं. पृथ्वी घडताना होतं तेवढं केव्हाच विरून गेलं. त्यामुळे त्या दगडात एक चिमूटही सापडलं तरी अर्थ एकच. माणसाचे पूर्वज नुकते दगडाची हत्यारं घडवायला लागले होते तेव्हा इथून फार लांब नाही अशा ठिकाणी एक तारा फुटला आणि त्याची राख समुद्रावर पडली.

यंत्र गार ठेवायला द्रव नायट्रोजन भरणारा आमचा मिस्त्री, त्याला आम्ही थंड्या म्हणतो. तो म्हणाला, "राखेचा पंचनामा करायला तुम्ही फारच उशिरा आलात."

१९ जानेवारी

ताईने विचारलं, "सत्तावीसला रजा मिळेल का तुला? एकच दिवस."

मी म्हटलं, कशाला?

"बाहेरगावी कोर्स आहे. परीक्षकांचा. दोन-तीन दिवस मुक्काम. म्हटलं पोचवायला येशील."

मी हसले. तू मला पोचवणार की मी तुला? गाडी तुझी, हात तुझा. मग सांगितलं की मोजणी चालू झाली आहे, हलता येत नाही.

"दगड वीस लाख वर्षं थांबलाय ना?"

दगड थांबेल, बाई थांबणार नाहीत.

"बरं," ती म्हणाली. ताट उचलून घेऊन गेली. अर्धं तसंच होतं.

लागलं असावं तिला. पण कोर्सला सोबत कशाला लागते चाळिशी उलटलेल्या बाईला?

२७ जानेवारी

ताई गेली. टॅक्सीने. स्वतःची गाडी का नेली नाही कोण जाणे.

पहिल्या फेरीचा आलेख सपाट आहे. बाहेरचं काही आत आलेलं नाही, हवं तसंच. मूठभर मोजण्या, बाकी शांतता. दिवसभर तो पाहत बसले. तारा आयुष्यभर हलक्यातून जड बनवत जातो. हायड्रोजनचा हीलियम, मग कार्बन, ऑक्सिजन, सिलिकॉन. प्रत्येक वेळी थोडी ऊब मिळते, त्या उबेवर तो उभा असतो. लोहापाशी ते संपतं. लोह जोडून काही मिळत नाही, उलट द्यावं लागतं. गाभा लोहाचा झाला की एका श्वासाच्या आत तो स्वतःवर कोसळतो. बाहेरून पाहणाऱ्याला आदल्या दिवशी काहीच दिसलेलं नसतं.

हे मला पाठ आहे. तरी दर वेळी हात थांबतो.

३० जानेवारी

ताई परतली. बोलत नाही म्हणजे बोलते, पण आपल्या खोलीच्या दारातून. मी जवळ गेले तर म्हणाली, "तिथूनच बोल. सर्दी झालीय." शिंक एकही ऐकली नाही. ताट, भांडं, टॉवेल, सगळं वेगळं. कपडे स्वतंत्र धुते. संडासात पाणी दोनदा ओतते. मी जेवायला बसले की ती उठते.

विचारलं, कोर्स कसा झाला?

"एकटीच होते वर्गात."

हा मला टोमणा. समजायला वेळ लागला नाही. एका रजेवरून एवढा अबोला! सारखी आंबट गोळी चघळत असते. चेहराही तसाच.

३१ जानेवारी

आज पुढच्या फेरीसाठी नवा डबा तयार केला. आमची पद्धत अशी की नवा डबा आधी रिकामा मोजायचा. आत काहीच नाही तेव्हा यंत्र काय ऐकतं ते माहीत असेल तरच आत काही आहे हे म्हणता येतं. बाई नव्या मुलांना पहिलं हेच शिकवतात. डबा धुतला, वाळवला, नाव घातलं. नाव घालायचं पेन वाळलं होतं, घरातलं नेलं होतं. विटा लावल्या. थंड्याने नायट्रोजन भरला आणि बाटलीला नेहमीप्रमाणे थोपटलं.

ताई आज दिवसभर खोलीतच. शिकवायला गेली नाही. गाडी शिकवण्याच्या शाळेतून फोन आला तर "अजून आठवडा" एवढंच म्हणाली. चिडून नोकरी सोडते की काय?

२ फेब्रुवारी

रिकाम्या डब्यात रेषा आहे.

आलेखाच्या डाव्या अंगाला, एकच, सरळ उभी. मी आधी पडदा पुसला. मग यंत्राची मापं तपासली. मग खुर्चीत बसून पुन्हा पाहिलं. ती जागा मला झोपेतही ओळखू येईल. आयोडीन. साधं नव्हे, किरण सोडणारं, अणुभट्टीत तयार होणारं. आठवड्याभरात निम्मं होणारं. निसर्गात ते कुठेही पडून राहत नाही. ते दिसलं म्हणजे ते नुकतंच जन्मलेलं आहे.

आमच्यासारख्या बोगद्यांनी याआधीही अशा गोष्टी सरकारांच्या आधी ऐकल्या आहेत. कुठेतरी भट्टी फुटते, वारा आणतो, आणि पहिल्यांदा कळतं ते खाली बसलेल्या आमच्यासारख्या लोकांना.

बाईंना हाक मारली. त्या आल्या, चष्मा वर केला, पुन्हा खाली केला.

"तुमच्यापैकी कोणी तपासणीला गेलं होतं का? दवाखान्यात? इंजेक्शन, गोळी, काही?"

थंड्या म्हणाला, "मी शेवटचा दवाखाना पाहिला तो जन्मताना."

मी नाही म्हटलं. खरंच नाही.

बाई म्हणाल्या, "भट्टी फुटली असती तर सीझियम हवं होतं. टेल्युरियम हवं होतं. हे एकटंच कसं?"

मी म्हटलं, सुरुवात असेल. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

३ फेब्रुवारी

बाईंनी दुसऱ्या दोन प्रयोगशाळांना फोन केला. त्यांच्या हवेत काही नाही. बोगद्याच्या दाराशी लावलेल्या गाळणीतही काही नाही. मग आमच्याकडेच कसं? खबर बाहेर द्यावी असं मी म्हटलं. बाई म्हणाल्या, "दोन दिवस. खोटी आरोळी एकदा दिली की खरी कोणी ऐकत नाही."

दोन दिवसांत मुलं दूध पितील. गायी गवत खातील. मला बसवत नव्हतं.

घरी आले ती धावत. खिडक्या लावल्या. ताईच्या दारात उभी राहून सांगितलं की बाहेर जाऊ नकोस, दूध पिऊ नकोस, मी हे सांगितलंय ते कोणाला सांगू नकोस.

"काय झालंय?"

आयोडीन आलंय आमच्या यंत्रात. किरणोत्सर्गी. कुठून ते कळत नाही.

ती पलंगावर बसली. चेहऱ्यावरचा रंग उतरताना मी पाहिला. पुस्तकात वाचलं होतं, पाहिलं पहिल्यांदा.

"किती?" तिने विचारलं. लोक विचारतात, आपण मरू का. ताईने विचारलं, किती.

थोडंच, मी म्हटलं. धोका नाही एवढं. पण असायलाच नको होतं.

"तुझी मोजणी?"

बिघडली. डब्यात बाहेरचं काही आलं हे सिद्ध झालं. आता आमचं लोह तरी दगडातलंच कशावरून? तीन वर्षं पाण्यात.

तिने चादरीची सुरकुती सरळ केली. मग म्हणाली, "आयोडीन येतं कुठून? म्हणजे मुळात. तुझ्या ताऱ्यांतून?"

भट्टीतलं माणसाने बनवलेलं, मी सांगितलं. पण साधं आयोडीन, मिठातलं, ते ताऱ्याच्या शांत आयुष्यात जवळपास बनतच नाही. त्याला न्यूट्रॉनचा मारा लागतो, क्षणभराचा, प्रचंड. मेलेल्या ताऱ्यांचे गोळे एकमेकांभोवती फिरत फिरत आदळतात तेव्हा तसा होतो. सोनंही तिथलंच. पण सोनं अंगाला लागत नाही, आयोडीन लागतं. त्याशिवाय माणूस वाढत नाही. सगळं इथे येऊन साठतं. मी माझ्या गळ्याला हात लावून दाखवलं.

तिचा हात मफलरवर होता.

"आणि तिथे काही वाईट असेल तर?" ती म्हणाली. "तर तेही आयोडीन खातं?"

काय वाईट? मी विचारलं. माझं लक्ष खिडकीच्या फटीकडे होतं, तिथे ओला कपडा लावायचा होता.

"काही नाही, शास्त्रीणबाई. जा, झोप."

४ फेब्रुवारी

ताई घरात नाही. उशीचा अभ्रा, चादर, टॉवेल, काही नाही. भांडंही नेलंय. फ्रिजवर चिठ्ठी: शाळेमागच्या लॉजवर आहे, काळजी करू नको, तुझ्या मोजणीसाठी बरं.

मोजणीसाठी बरं! म्हणजे घाबरून पळाली आणि वर उपकार. संकट आलं तर बहिणीला सोडून लॉजवर. फोन केला, उचलला नाही. रागाने हे लिहिते आहे. अक्षर वाकडं येतंय.

५ फेब्रुवारी

आज बाईंनी शिशाचं घर उघडं ठेवलं आणि यंत्रासमोर एकेक वस्तू धरायला लावली. हातमोजे. बूट. थंड्याची टोपी. थंड्या म्हणाला, "हिच्यात निघालं तर मला माझ्या बायकोला तोंड दाखवता येणार नाही." कोणी हसलं नाही. स्पिरिट. पुसायचा कागद. माझा डबा, माझी पिशवी. पिशवी धरल्यावर रेषा जराशी हलली. बाईंनी पिशवी रिकामी केली. रुमाल, किल्ल्या, चष्म्याचं घर.

पेन.

रेषा पडद्याबाहेर गेली. थंड्या मागे सरकला आणि नायट्रोजनच्या बाटलीवर आदळला.

बाईंनी चिमट्याने पेन उचलून दिव्यासमोर धरलं. पेनावर काही नव्हतं. टोपण. टोपणाच्या टोकाला दातांचे वण. जुन्यांवर नवे.

"कोण चावतं हे?"

मी चावत नाही.

मला आठवतं तेव्हापासून ताई पेनाचं टोपण चावते आहे. शिकाऊ चुकला की चावते, फोनवर बोलताना चावते.

बाई हळू आवाजात म्हणाल्या, "लाळेत येतं ते. गोळी घेतल्यावर कितीतरी दिवस. थायरॉईडचा." त्या पुढचा शब्द बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "घरी कोण आहे तुझ्या?"

थंड्याने माझ्या पाठीशी खुर्ची आणून लावली.

तोच दिवस, संध्याकाळ

लॉजखाली गेले. वरून तिने पाहिलं. खाली आली, पण फाटकापाशीच थांबली आणि तळहात पुढे केला, गाडी थांबवतात तसा.

"तिथेच. पुढे येऊ नकोस."

रस्त्याच्या अल्याडपल्याड उभ्या राहून बोललो. मधून सायकली जात होत्या.

मी विचारलं, कधी?

"डिसेंबरात कापलं. तू पाण्यावर होतीस. कळवून काय करणार होतीस, पोहत येणार होतीस?"

आल्यावर?

"आल्यावर तू बोलत होतीस." तिने हे सहज म्हटलं. त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर बरं झालं असतं.

मग सत्तावीसला काय झालं ते तिने सांगितलं. जाड दाराची खोली, खाट, खिडकी नाही. नर्सने शिशाच्या डबीतून गोळी चिमट्याने पुढे केली आणि दार लावून घेतलं. "एकटीच होते वर्गात," ती पुन्हा म्हणाली. "म्हटलं ना तुला. जेवण फटीतून. कुत्र्यालाही कोणी असं वाढत नाही. मी भुंकलेसुद्धा एकदा. नर्स घाबरली."

आणि ती हसली. त्या फाटक्या आवाजात. एक सायकलवाला वळून पाहत गेला.

मी पेनाचं सांगितलं. ती तोंडावर हात ठेवून उभी राहिली. मग हात लगेच काढला आणि पुसला.

"तीन वर्षं ना गं? माझ्यामुळे."

लोह खराब झालं नाही, मी म्हटलं. डबा झाला. डबे पुष्कळ आहेत. हे खरं आहे, बाईंनीच सांगितलं. पण ताईला पटलं असं दिसलं नाही.

"तुझ्या यंत्राला मी बोगद्यात, डोंगराखाली दिसले," ती म्हणाली, "तू तर समोर बसून जेवत होतीस." मग लगेच, "जाऊ दे. उद्या फोटो आहे. अंगात कुठे कुठे जाऊन बसलंय ते दाखवतात. येतेस?"

हो म्हणताना माझा आवाज तिच्यासारखा झाला.

६ फेब्रुवारी

सकाळी बाईंना सांगायला गेले तर त्या म्हणाल्या, "अजून इथेच?" थंड्याने पाळणा वर घेतला.

टॅक्सीत ताई मागे कोपऱ्यात, मी पुढे. ड्रायव्हरने दुसऱ्या गिअरवर गाडी ओढली तसे तिने दात आवळले. "क्लच," ती पुटपुटली. "क्लच, बाबा." तो म्हणाला, काय ताई? ती म्हणाली, काही नाही, छान चालवता.

दवाखान्यातलं यंत्र आमच्यासारखंच आहे. तेच काम, तेच किरण. फक्त तिथे रिकामा डबा ठेवत नाहीत. ताई पाठीवर झोपली, मफलर काढला. वण पाहिला. लांब, गुलाबी, हसल्यासारखा वाकलेला.

यंत्र चालवणारी बाई म्हणाली, "काचेच्या अलीकडे बसा हवं तर." मी बसले. पडद्यावर आधी काहीच नव्हतं. मग एकेक ठिपका, आमच्यासारखाच, पावसाच्या पहिल्या थेंबांसारखा कुठेही. मग ठिपके दाटले. ताईच्या आकाराचं माणूस तयार झालं. चेहरा नाही, हाडं नाहीत. जिथे आयोडीन तिथे उजेड.

यंत्रवाल्या बाईने न विचारताच बोट दाखवलं. "ही लाळ. हे पोट. ही लघवीची पिशवी. हे सगळ्यांचं दिसतं, घाबरू नका. हा गळा, इथे थोडं राहिलेलं असतं, गोळी त्याच्यासाठीच."

आणि हे? मी विचारलं.

उजव्या बरगड्यांमागे. बारीक. दुसऱ्या कोणाला धूळ वाटली असती. मी आयुष्यभर असेच ठिपके खरे की खोटे ते ठरवत आले आहे. थांबून पाहिलं. ठिपके त्याच जागी पडत राहिले.

"ते डॉक्टर सांगतील," ती म्हणाली आणि बोट मागे घेतलं.

ताई बाहेर आली ती मफलर हातात घेऊन. बाकाच्या त्या टोकाला बसली.

"तू पाहिलंस."

हो.

"मग बोल. डॉक्टर गोड करून सांगेल. तू दगडाचं सांगतेस तसं सांग."

मी सांगितलं. गळ्यात आहे, ते असणारच होतं. छातीत एक आहे, लहान, पण आहे. आयोडीन तिथे जाऊन बसलंय म्हणजे ते आयोडीन खातं. खातं म्हणजे पुन्हा खाऊ घालता येतं. हे मला माहीत आहे. याच्या पुढचं मला माहीत नाही.

तिने सगळं ऐकलं. मी थांबल्यावरही थोडा वेळ ऐकत राहिली.

"पुन्हा ती खोली?"

बहुतेक.

"दाराबाहेर बसायला देतात का कोणाला?"

विचारते, मी म्हटलं.

"विचार." ती उठली. "आणि बस तिथे. मी आतून भुंकेन, तू उत्तर दे."

ती पुढे चालू लागली. मी मागून, दोन हात अंतर ठेवून. तेवढंच ठेवायला दवाखान्यात सांगितलं आहे. त्याहून जास्त नाही.